बाजार समिती बंद पडली तर? जुन्नर तालुक्यासाठी खरीप २०२१ पूर्वीचा कृषी सल्ला

गेल्या पंधरवड्यात दूरध्वनीवरून आणि गावबैठकांतून तीन प्रश्न वारंवार विचारले गेले. नारायणगाव परिसरातील टोमॅटो उत्पादकांचा प्रश्न असा, की पुन्हा करोनाचे निर्बंध कडक झाले आणि मोठे बाजार बंद पडले तर तोडलेला माल न्यायचा कोठे. ओतूर भागातून विचारणा झाली, की गेल्या वर्षी विकतचे सोयाबीन उगवले नाही आणि यंदा पिशवीचा भाव परवडत नाही, तेव्हा घरचे बियाणे वापरावे काय. तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील एका महिला बचत गटाने मात्र सर्वांत मुळाचा प्रश्न केला आहे : आठवडे बाजार भरत नसताना गावातल्या घरांना भाजी आणि डाळ मिळायची कशी? तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्याने उत्तर एकत्र देत आहे.

प्रथम गेल्या वर्षी नेमके काय अडले ते पाहू. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाली आणि २७ मार्चलाच केंद्रीय गृह मंत्रालयाने शेतीची कामे, शेतमालाची खरेदी आणि बाजार समित्या यांना सवलत दिली. म्हणजे कागदोपत्री शेतमालाची वाट मोकळीच होती. प्रत्यक्षात बाजार चालतो तो हमाल, गाडीवान, आडते, किरकोळ विक्रेते आणि हॉटेलवाले यांच्यावर, आणि यांपैकी एक दुवा तुटला तरी पुढचा सगळा माल तुंबतो. एप्रिलमध्ये पुण्याचे मार्केट यार्ड बंद झाले, आणि नवी मुंबईतील वाशीची बाजार समिती रुग्ण वाढल्याने ११ ते १७ मे या काळात बंद ठेवावी लागली. आपल्या तालुक्यातील बराचसा भाजीपाला याच दोन दिशांना जातो. टोमॅटोच्या प्लॉटमध्ये लाल सडा पडलेला आणि त्याच घरातील माणूस किलोभर तूरडाळीसाठी दुकानापुढे रांगेत उभा, हे दृश्य मी त्या वेळी एकापेक्षा अधिक गावांत पाहिले. पाण्याची सोय असलेल्या तालुक्यात असे व्हावे, याचे कारण आपण नगदी माल भरपूर पिकवतो, पण डाळ, तेल आणि बियाणे यांसाठी पूर्णपणे बाहेरच्या वाहतुकीवर विसंबून राहिलो आहोत.

याचा अर्थ गावाने गावापुरतेच पिकवावे असा कोणी काढू नये. हंगामाच्या भरात नारायणगावच्या बाजारात एका दिवसात उतरणारा टोमॅटो सारा तालुका कित्येक दिवस खात राहिला तरी संपणार नाही, त्यामुळे लांबचा बाजार आपल्याला लागणारच. सल्ला इतकाच, की सगळी भिस्त त्या एका बाजारावर ठेवू नये. क्षेत्राचा व मालाचा काही भाग, माझ्या मते चौथा ते तिसरा हिस्सा, असा ठेवावा की जो बाजार समितीचे दार बंद असतानाही विकला, साठवला किंवा खाल्ला जाईल.

आता टोमॅटो उत्पादकांच्या प्रश्नाकडे येतो. राज्यात २०१६ च्या जुलै महिन्यात फळे व भाजीपाला नियमनमुक्त झाला असून बाजार आवाराबाहेर आपला माल थेट ग्राहकाला विकण्यास शेतकऱ्याला अडचण नाही. जागेसाठी स्थानिक संस्थेची व गृहसंकुलात जायचे असल्यास तेथील सोसायटीची परवानगी मात्र आधी घ्यावी. गेल्या वर्षी पुण्यात अशी विक्री पुष्कळांनी सुरू केली आणि पुष्कळांनी दोन महिन्यांत बंदही केली. बंद करणाऱ्यांशी बोलल्यावर कारण बहुधा एकच निघाले : गाडीभाड्याचा हिशेब मांडला नव्हता. नारायणगाव ते पुणे सुमारे ७५ किलोमीटर आहे. जाऊन-येऊन डिझेल, चालक आणि टोल मिळून ३,५०० रुपये खर्च गृहीत धरा. सहा किलोच्या मिश्र भाजीच्या शंभर टोपल्या गेल्या, तर टोपलीमागे ३५ रुपये पडतात. चाळीसच गेल्या, तर तोच खर्च टोपलीमागे साडेसत्त्याऐंशी रुपये होतो आणि थेट विक्रीचा सगळा नफा रस्त्यातच संपतो. म्हणून नोंदणी आधी, तोडणी नंतर, आणि ठरलेल्या संख्येच्या खाली गाडी हलवायची नाही, हा नियम गटाने पहिल्याच बैठकीत लिहून ठेवावा.

दुसरी अडचण भाज्यांच्या विविधतेची आहे. शहरातले घर आठवड्याला पाच किलो टोमॅटो घेत नाही. त्याला अर्धा किलो टोमॅटो, एक मेथीची जुडी, थोडी भेंडी, दोडका, कांदा-बटाटा असे सगळे एका वेळी हवे असते. हे एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले काम नाही. दहा-पंधरा जणांनी गट करून पिके वाटून घ्यावीत, पालेभाज्यांची पेरणी एकदम न करता दर दहा-पंधरा दिवसांनी थोडी थोडी करावी, आणि आपल्याकडे नसलेला माल शेजारून घ्यावा. बटाट्यासाठी आंबेगावचे सातगाव पठार जवळच आहे. दर आठवड्याचा भाव आठवड्यापूर्वी ठरवून टाकावा आणि बाजार चढला म्हणून मध्येच गिऱ्हाइकाला टाळू नये. भाव चढला की नेहमीचा ग्राहक सोडून आडतीकडे धावणाऱ्या गटाला पुढच्या मंदीत तो ग्राहक परत मिळत नाही, हे अनुभवाने सांगतो.

ओळखीच्या ग्राहकाचा आणखी एक उपयोग गेल्या मे महिन्यात दिसला. शेजारच्या अकोले-संगमनेर भागात टोमॅटोवर विषाणूजन्य रोग आला, फळे एकसारखी पिकेनात, आणि हा विषाणू माणसालाही होतो अशी निराधार अफवा पसरून भाव कोसळले. वनस्पतींवर रोग पाडणारे हे विषाणू माणसाला बाधत नाहीत. ज्यांचे ग्राहक नाव-गाव ओळखून माल घेत होते, त्यांना हे चार वाक्यांत समजावता आले. बाकीच्यांच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते.

टोमॅटोचा सॉस किंवा प्युरी करून विकावी काय, असेही काहींनी विचारले आहे. लांब वाहतुकीसाठी निवडलेल्या जाड सालीच्या संकरित वाणांत रसातील विद्राव्य घटक कमी असतात, त्यामुळे आटवण्याला इंधन फार लागते आणि उतारा कमी मिळतो. केवळ भाव पडला म्हणून कारखाना काढू नये. तरीही एखाद्या गटाची पूर्ण तयारी असेल, तर सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या २०२० मधील योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, इतके कर्जाशी निगडित अनुदान आहे. माझा कल मात्र आधी डाळ मिल, पीठ गिरणी आणि मसाला कांडप यांकडे आहे, कारण त्यांचा माल गावातच खपतो. विदर्भातील अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल दोन-तीन गावांच्या तुरीला पुरेशी आहे.

तोडलेला माल दोन-चार दिवस टिकला, तरी गाडी चुकल्याचे नुकसान पुष्कळ कमी होते. त्यासाठी भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष प्रत्येक गटाने बांधावा. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटरची पोकळी, पोकळीत ओली वाळू, वर बांबू-वाळ्याचे झाकण आणि त्यावर सावलीसाठी छप्पर, इतकेच त्याचे बांधकाम. १६५ बाय ११५ सेंटिमीटरच्या तळावर ६७.५ सेंटिमीटर उंचीचा कक्ष बांधल्यास सुमारे १०० किलो भाजी राहते. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे लागते. कोरड्या उन्हाळ्यात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहते. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने तेवढा फरक पडत नाही, म्हणून आता घाईने बांधण्यापेक्षा दिवाळीनंतर बांधून पुढच्या उन्हाळ्यासाठी तयार ठेवावा.

सोयाबीनच्या बियाण्याबाबत ओतूरकरांना निःसंदिग्ध उत्तर देतो : घरचे बियाणे अवश्य वापरावे, पण उगवण तपासल्याशिवाय एक दाणाही पेरू नये. सोयाबीन हे स्वपरागसिंचित (स्वतःच्याच परागाने दाणा धरणारे), सरळ म्हणजे संकरित नसलेल्या वाणाचे पीक असल्याने एकदा आणलेले प्रमाणित बियाणे पुढील दोन-तीन वर्षे वापरता येते. २०२० च्या खरिपात राज्यभर उगवण न झाल्याच्या तक्रारी आल्या. आधीच्या वर्षी काढणीच्या वेळी झालेला अवकाळी पाऊस बियाण्याला बाधला होता. सोयाबीनचे आवरण अत्यंत पातळ असते व अंकुर त्याच्या लगत असतो, त्यामुळे यंत्राचा वेग जास्त ठेवून केलेली मळणी किंवा पोते वरून आपटणे एवढ्यानेही दाणा बाहेरून धड आणि आतून निकामी होतो.

तपासणी घरच्या घरी होते. स्वच्छ गोणपाटाचा तुकडा भिजवून त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडावेत, वरून दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करावी, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहावे आणि सहा-सात दिवसांनी निरोगी कोंब मोजावेत. पोत्याच्या वरच्या, मधल्या व खालच्या थरातून दाणे घेऊन अशा तीन गुंडाळ्या कराव्यात आणि सरासरी काढावी. सत्तर किंवा अधिक कोंब आल्यास एकरी ३० किलो बियाणे पुरे. साठ आल्यास त्याच प्रमाणात वाढवून ३५ किलो घ्यावे. पन्नासच्या आसपास आल्यास ते बियाणे घाण्याला द्यावे आणि शेजाऱ्याकडचे तपासलेले घ्यावे. पेरताना आधी बुरशीनाशकाची व त्यानंतर जिवाणू संवर्धकाची (मुळांना नत्र मिळवून देणाऱ्या जिवाणूंची) प्रक्रिया करावी, दाणा तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज तिफण काढू नये. पहिल्या सरीनंतर लगोलग पेरून मग दुबार पेरणीचा खर्च शिरावर घेणारे दर वर्षी भेटतात.

हाच न्याय सगळ्या पिकांना लावता येत नाही. संकरित बाजरी व संकरित टोमॅटो यांचे घरचे बी धरू नये, कारण पुढच्या पिढीत गुण विस्कटतात. भोपळा, दोडका, काकडी यांचे देशी बी धरता येते, पण शेजारी दुसरा वाण असल्यास मिसळ होते. घेवडा, वाल, मेथी, तूर, उडीद आणि पश्चिम पट्ट्यातील जुने भात हे धरायला सोपे आहेत. आपल्या सीमेलगतच्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बियाणे बँक उभी केली आणि त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. इतक्या जवळचे उदाहरण असताना बचत गटाला दूर कोठे शिकायला जाण्याची गरज नाही.

बचत गटाच्या भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत आहे, आणि डाळीचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. स्वस्त धान्य दुकानातून तांदूळ-गहू मिळत राहिला, म्हणून गेल्या वर्षी पोट भरले. कमी पडली ती डाळ आणि भाजी. बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ घेतली तर बाजरी फारशी न घटता घरची वर्षाची डाळ निघते. रब्बी कांद्यासाठी राखलेल्या रानात जूनमध्ये मूग किंवा उडीद पेरल्यास ६५ ते ७५ दिवसांत पीक निघते, रान वेळेवर मोकळे होते आणि जमिनीला नत्रही मिळते. कांद्यासाठी चार महिने पड ठेवलेले रान पाहिले की मला दर वर्षी हीच गोष्ट सांगावीशी वाटते, आणि दर वर्षी ‘काढणीला पाऊस गाठतो’ हे उत्तर मिळते. ते खरे आहे. म्हणूनच सगळ्या रानात नव्हे, अर्ध्या एकरात करून पाहावे.

भाजीसाठी परसबाग करावी. एक गुंठा जागेत मांडवावर दोडका, कारले, घेवडा. खाली वाफ्यांत पालेभाज्या, मिरची, वांगी. कुंपणाला शेवगा आणि सांडपाण्याच्या टोकाला अळू, पपई. प्रत्येक घराने सगळे लावण्याचा अट्टाहास न करता वस्तीतल्या पाच-सहा घरांनी रोपे वाटून घ्यावीत, म्हणजे देवाणघेवाण आपोआप सुरू होते. घरी पुरून उरलेली भाजी ग्रामपंचायतीच्या पटांगणात अंतर ठेवून, तास-दीड तासात विकण्याची व्यवस्था लावता येते. त्यासाठी मोठा आठवडे बाजार सुरू होण्याची वाट पाहावी लागत नाही. पापड, मसाला, कुरडया असे पदार्थ विकायचे असतील तर वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत असलेल्या गटाला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची साधी नोंदणी पुरते आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये आहे.

सोयाबीन निघाल्यावर पैशाची निकड आणि पडलेला भाव एकाच वेळी येतात, त्याबाबतही थोडक्यात. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत सोयाबीन, तूर, मूग, उडीद इत्यादी माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. योजना आपल्या बाजार समितीत यंदा चालू आहे काय, याची चौकशी काढणीच्या महिनाभर आधी करावी. पोती ट्रॉलीत भरल्यावर करू नये.

मजुरांच्या टंचाईवर मला सुचणारा उपाय जुनाच आहे. सावड आणि इर्जिक या एकमेकांच्या शेतात मिळून राबण्याच्या पद्धती आपल्याकडे अजून पूर्ण मोडलेल्या नाहीत. भात लावणीला तीन-चार घरांचीच कायम टोळी ठेवावी व ती महिनाभर बदलू नये, म्हणजे कामही उरकते आणि कोणी आजारी पडल्यास संसर्ग त्या टोळीपुरता राहतो. पाण्याचा तांब्या व मिश्रीची डबी मात्र ज्याची त्याने वेगळी ठेवावी. ताप असलेल्या माणसाला, तो घरचा असला तरी, बांधावर येऊ देऊ नये.

सोयाबीनच्या गुंडाळ्या कशा करायच्या हे पाहायचे असल्यास आपापल्या कृषी सहायकांना सांगावे. ते गावात येऊन दाखवतील. येताना त्यांच्याकडे तुरीचे बी मागू नये, कारण ते आमच्याकडे मागणीच्या मानाने थोडे आले असून ज्या गटांनी मे महिन्यात नावे दिली त्यांनाच प्रथम दिले जाईल. उरल्यास पश्चिम पट्ट्यातील बचत गटांना पुढचा क्रम राहील.