आतल्याच्या गोळ्या आणि बाहेरच्या

कळव्याहून आलेल्या मावशींनी बसायच्या आधीच पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून माझ्या टेबलावर मांडली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मुलगा ठाणे मध्यवर्ती कारागृहात, कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही. लहानपणापासून फिट येते. "दारावर गोळ्या घेतल्या नाहीत हो ताई. त्याला आत काही झालं तर?"

माझ्याकडे मदतीसाठी येणाऱ्या, कैद्यांच्या बहुतेक घरांना हीच धास्ती असते. बाहेरून आणलेली गोळी सहसा थेट बंद्याच्या हातात देत नाहीत, तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यामार्फत जाते. पण आजार असल्याचं त्यांना कळायला तर हवं! आत घेताना तपासणी झाली, तेव्हा मुलगा काय म्हणाला, असं मी विचारलं. मावशी पदराशी चाळा करत राहिल्या.

"काही नाही म्हणाला. मीच शिकवलंय त्याला, कुणापाशी बोलायचं नाही म्हणून. आलेलं स्थळ मोडतं."

पोरगं आईच्या शब्दाला जागलं होतं.

फिटची गोळी एकदम बंद झाली की फिट येण्याचा धोका वाढतो, त्यामुळे पुढच्या मुलाखतीपर्यंत, म्हणजे तुरुंगातल्या भेटीपर्यंत, थांबण्यात अर्थ नव्हता. जुने केसपेपर आणि डॉक्टरांची चिठ्ठी यांच्या झेरॉक्स काढल्या. अधीक्षकांच्या नावे अर्ज लिहिला: गोळीचं नाव, किती वेळा, शेवटची फिट कधी. पोच घेतल्याशिवाय निघायचं नाही, हे दोनदा बजावलं. वकिलाला पैसे नव्हते. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कोठडीतल्या माणसाला, कमाई कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो. उपचारासाठी हा वकील कोर्टातही अर्ज करू शकतो.

हे सगळं अर्ध्या तासात उरकलं. वेळ लागला तो पुढे. पाकिटांत एक बीपीचं होतं, त्यांचं स्वतःचं, अख्खं भरलेलं. "तो तिथे बिनगोळीचा, मी कशी घेऊ?" नातलगांनी 'करावं तसं भरावं' ऐकवलं होतंच, शिक्षेतला आपला वाटा त्या असा भरत होत्या. मी समजूत घातली नाही. अर्ज कोण नेऊन देणार, एवढंच विचारलं.

पंधरवड्याने आल्या. पोच दाखवली. मुलाखतीत, शेजारी चार माणसं उभी असताना, मुलाला म्हणाल्या होत्या, "फिट येते म्हणून सांग त्यांना. मोठ्याने सांग."

मग पिशवीतून बीपीचं पाकीट काढलं. चार खाचे रिकामे होते.

"रोज नाही जमलं," म्हणाल्या.