‘शनवार तेली’ : तेल कमी, शनिवार जास्त

प्रश्न असा आहे: अलिबागकडच्या एका जुन्या खरेदीखतात ‘शनवार तेली’ असा उल्लेख सापडला. ही तेल्यांची पोटजात का? आणि आज हा शब्द वापरला तर कुणाला लागेल का?

पोटजात नव्हे. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांना, म्हणजे आम्हा मराठी ज्यूंना, शेजारपाजाऱ्यांनी दिलेलं हे नाव. अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यात आमच्या लोकांचे तेलाचे घाणे होते. शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्यामुळे त्या दिवशी बैल जुंपायचा नाही. हिंदू तेली महादेवाचा वार म्हणून सोमवार पाळायचे. ते सोमवार तेली. धंदा तोच, खाडा तेवढा वेगळ्या वारी. गावाला तेवढी ओळख पुरली.

लागण्याचं म्हणाल तर खरी ठेच ‘तेली’ला होती. माणसं मुंबईला गेली, पलटणीत नि कचेऱ्यांत शिरली, घाणा सुटला, तरी नाव काही सुटेना. माझ्या आजीला ते अजिबात खपत नसे. ‘आम्ही इस्राएल,’ एवढंच ती म्हणायची आणि शुक्रवारच्या किद्दुषसाठी, म्हणजे शब्बाथ सुरू होताना वाइनवर म्हणायच्या प्रार्थनेसाठी, भिजवलेल्या काळ्या मनुका कुस्करत बसायची. (वाइनऐवजी आमच्याकडे मनुकांचं सरबत.)

मला मात्र त्यातला ‘शनवार’ मोलाचा वाटतो. अलिबागजवळच्या नवगावपाशी जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, ही आमची मूळकथा. तिला कागदाचा आधार नाही. हिब्रू विसरली होती, पोथ्या नव्हत्या. उरलं काय, तर शनिवार, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना. आम्ही स्वतःबद्दल काही लिहून ठेवलं नाही, पण आम्ही शब्बाथ पाळत होतो याची साक्ष शेजाऱ्यांनी ठेवलेल्या या नावातच आहे. गंमत म्हणजे, तुम्ही खरे ज्यू का, हा प्रश्न आम्हाला इस्रायलमध्ये गेल्यावर लग्नांच्या वेळी तिथल्या धर्मपीठाने विचारला. बरीच आंदोलनं झाली, तेव्हा कुठे १९६४ साली तिथल्या सरकारने आम्ही सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. कोकणात तोवर कुणी पुरावा मागितला नव्हता.

तेव्हा जुन्या कागदात शब्द आहे तसाच ठेवा, टिपेत ‘बेने इस्राएल’ लिहा. बोलताना मात्र ‘बेने इस्राएल’च म्हणा.

खतातली नावंही नीट वाचा. किहीमकर, पेणकर, रोहेकर ही आडनावं गावांवरून पडलेली, त्यांवरून धर्माचा पत्ता लागत नाही. आणि पहिली नावंही मराठी वळणाची असत. १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) उभारणारे सॅम्युएल दिवेकर हे सामाजी हसाजी दिवेकर म्हणूनही ओळखले जात. तुमच्या खतात एखादा सामाजी किंवा हसाजी असेल, तर तो आमच्यातलाच असण्याची शक्यता बरीच.