मिनिमल लिनक्स: खरंच फायदा की नुसती हौस?

प्रश्न असा आहे: "२ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर कोणती लिनक्स टाकू? मिनिमल सिस्टीमला काही अर्थ आहे की ती नुसती हौस?"

'नुसती हौस' हे शब्द खटकले म्हणून लिहितोय. मिनिमल म्हणजे गरजेपुरतंच टाकलेली सिस्टीम. वेग वाढतो, पण तो वरकड फायदा. मशीनवर जे आहे ते तुम्हीच टाकलेलं असतं, त्यामुळे बिघाड झाला की संशयित चार-पाचच.

प्रोसेसर ६४ बिटचा असेल तर डेबियनची (लिनक्सचा एक प्रकार) नेटइन्स्ट, म्हणजे बाकीचं नेटवरून उतरवणारी छोटी इन्स्टॉल फाइल, घ्या. ३२ बिटचा असेल तर डेबियन १२ वरच थांबा. १३ मध्ये त्यासाठी इन्स्टॉलरच नाही. रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड रिकामा सोडा. भरलात तर सुडो (आपल्या खात्यातून ते अधिकार वापरायची कमांड) बसत नाही. सॉफ्टवेअर निवडताना डेस्कटॉप आणि ग्नोम (एक जड डेस्कटॉप) यांवरच्या खुणा काढा, 'स्टँडर्ड सिस्टीम युटिलिटीज' राहू द्या. रीबूटनंतर काळ्या पडद्यावर नुसतं लॉगिन येईल, घाबरू नका. मग एक्सऑर्ग (पडद्यावर ग्राफिक्स दाखवणारं), एक्सइनिट (ते सुरू करणारं), ओपनबॉक्स (खिडक्या सांभाळणारं), एक टर्मिनल, पीसीमॅनएफएम (फाइल मॅनेजर) आणि फायरफॉक्स ईएसआर टाका, सगळं 'नो इन्स्टॉल रेकमेंड्स' लावून, म्हणजे शिफारस केलेली जादा पॅकेजेस टाळून.

इथून पुढे बरेच जण वैतागून सोडून देतात. पेन ड्राइव्ह लावला, पीसीमॅनएफएममध्ये काहीच दिसत नाही. टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके' (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) मारा. तिथे एसडीबी१ दिसलं म्हणजे कर्नलने (सिस्टीमच्या गाभ्याने) ड्राइव्ह ओळखलाय, अडलंय वरच्या थरात. फाइल मॅनेजरला ड्राइव्ह दाखवणारं जीव्हीएफएस रेकमेंड्समध्ये होतं, म्हणून आलं नाही. ते टाका. तरीही 'नॉट ऑथोराइज्ड' आलं तर एलएक्सपोलकिट (परवानगी विचारणारा प्रोग्रॅम) टाकून ओपनबॉक्सच्या ऑटोस्टार्ट फाइलमध्ये त्याची ओळ घाला. मराठी पानांवर चौकोन दिसले तर लोहितचा देवनागरी फॉन्ट टाका, फायरफॉक्स बंद करून उघडा. वायफायवरून इन्स्टॉल केलं असेल आणि नंतर नेटवर्क मॅनेजर टाकला, तर तो वायफाय कार्डाला 'अनमॅनेज्ड' म्हणतो, कारण इन्स्टॉलरने ते आधीच 'इंटरफेसेस' फाइलमध्ये लिहून ठेवलेलं असतं. त्या ओळींपुढे # लावा.

तिन्ही ठिकाणी कारण पाच मिनिटांत सापडतं. "आधी सगळं टाकू, मग नको ते काढू" म्हणणाऱ्यांशी माझं इथेच वाजतं. एक पॅकेज काढायला जावं तर त्यावर टेकलेली बाकीचीही यादीत येतात, आणि यादी न वाचता 'वाय' (हो) दाबलं की कधीकधी डेस्कटॉपच जातो. आयकॉन लपवून, काळा वॉलपेपर लावून 'मिनिमल' म्हणवणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

अल्पाइन ही लिनक्स याहून सडसडीत आहे, पण पहिल्यांदा नको. तिथे ग्लिबसी या नेहमीच्या मूळ लायब्ररीऐवजी मसल असतं. बाहेरून आणलेला प्रोग्रॅम समोर दिसत असूनही 'नॉट फाउंड' येतं. सापडत नसतो तो त्याचा लोडर (प्रोग्रॅम सुरू करून देणारी फाइल), आणि माणूस तासभर फाइलचा पत्ता तपासत बसतो.

आता जरा आधी सांगायला हवं होतं ते. २ जीबीत ब्राउझरचे दहा टॅब कुठलीच सिस्टीम सुखाने चालवणार नाही. झेडरॅम-टूल्स (रॅममधला डेटा दाबून जागा वाढवणारं) टाका, अल्गोरिदम झेडएसटीडी, प्रमाण ५० टक्के. थोडा श्वास मिळेल. मेमरी मोजताना 'फ्री'चा (पूर्ण रिकामी) आकडा सोडा, 'अव्हेलेबल'चा (वापरता येईल इतकी) बघा. फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडीचा फरक या सगळ्याहून जास्त जाणवेल. आणि लॅपटॉप आईबाबा वापरणार असतील तर रॅम ४ जीबी करा, मुकाट्याने मिंट एक्सएफसीई (तयार डेस्कटॉपसह येणारी लिनक्स) टाकून द्या.