भावाने मला संचालकपदावरून काढायला सभा बोलावली आहे. तातडीची स्थगिती आणायला किती खर्च येईल? जिंकलो तर परत मिळेल का?

सरकारी फी किरकोळ आहे: कंपनी कायदा २०१३, कलम २४१ (सभासदांची पिळवणूक आणि गैरकारभाराविरुद्धचं कलम) खाली एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा लवादात, अर्जाला १०,००० रुपये. पैसा जातो तो वकिलांवर. घाईत याचिका उभी करायची, ताळेबंद, इतिवृत्तं, सभेची नोटीस जोडायची. वर सीनिअर वकील दर तारखेचे वेगळे घेतात, त्या दिवशी नंबर लागला नाही तरी! फी तारखेवर की टप्प्यावर, हे आधीच लिहून घ्या.

परत मिळण्याच्या भरवशावर राहू नका. लवाद खर्च देऊ शकतो, पण बहुतेकदा तो झालेल्या खर्चापुढे चिल्लर असतो. आणि भाऊ बहुधा कंपनीच्या खात्यातून लढेल, तुम्ही खिशातून. कलम २४२(४) खाली अंतरिम आदेश, म्हणजे ही तातडीची स्थगिती, मागताना हा मुद्दा जरूर घाला.

कंपनीत सभासद (शेअरधारक) दहा किंवा कमी असतील तर तुम्ही एकटे अर्ज करू शकता. एरवी स्वतःचे १०% शेअर किंवा पुरेसे सभासद सोबत हवेत, नाहीतर आधी कलम २४४ खाली या अटीतून सूट मागा. तिथेच खर्च फुगतो.

दरम्यान कलम १६९ (संचालकाला काढण्याबाबतचं कलम) प्रमाणे तुमचं लेखी म्हणणं कंपनीला पाठवा. त्याला पैसे पडत नाहीत.