‘सुधारणा हवी’ असा शिक्का असलेली शाळा घ्यावी का?

तुम्ही विचारलंय ते असं: एप्रिलमध्ये पश्चिम लंडनला यायचंय, मुलगी सात वर्षांची, मुलगा साडेतीन. परवडणारं घर मिळतंय, पण त्या भागातली प्राथमिक शाळा सहाशेच्या वर मुलांची, चाळीसेक भाषा बोलणाऱ्या घरांतली, आणि ‘ऑफस्टेड’च्या (शाळा तपासणारी सरकारी संस्था) जुन्या अहवालात ‘रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट’, म्हणजे ‘सुधारणा हवी’. तुमचे मेहुणे म्हणतात, महिन्याला चारशे पौंड जास्त गेले तरी चालतील, ‘आउटस्टँडिंग’ म्हणजे सगळ्यात वरचा शेरा असलेल्या शाळेजवळच घर घ्या.

मी नेमकं हेच केलं होतं. 2016 च्या नोव्हेंबरात पुण्याहून आलो आणि एका ‘आउटस्टँडिंग’ शाळेच्या समोर घर घेतलं, खिडकीतून पटांगण दिसेल असं. मुलगा इयर टूमध्ये (सहा-सात वर्षांच्या मुलांचा वर्ग) जायचा होता आणि तिथे एकही जागा नव्हती. रिसेप्शन (शाळेतला सगळ्यात पहिला वर्ग), इयर वन आणि इयर टूमध्ये एका शिक्षकामागे 30 च मुलं, हा कायदाच आहे. कितीही गयावया केली तरी एकतिसावं मूल घेत नाहीत. नाव वेटिंग लिस्टवर टाकलं आणि पोराला घेऊन वीस मिनिटं चालत ‘सुधारणा हवी’वाल्या शाळेत जायला लागले. खिडकीतून दुसऱ्यांची मुलं खेळताना बघायची आणि त्याचं भाडं आम्ही भरायचं! पुढे कळलं की त्या समोरच्या शाळेचा अहवाल 2009 चा होता. ‘आउटस्टँडिंग’ शाळांना 2012 पासून 2020 पर्यंत नेहमीच्या तपासणीतून सूटच होती. म्हणून शिक्का बघण्याआधी त्याची तारीख बघा.

आता आमच्या शाळेबद्दल. प्रत्येक इयरला तीन तुकड्या, म्हणजे रिसेप्शन ते इयर सिक्स मिळून 630 मुलं. पहिलं वर्ष खरंच वाईट गेलं. मुलाच्या वर्गावर ख्रिसमसपासून उन्हाळ्यापर्यंत तीन ‘सप्लाय टीचर’ (तात्पुरते बदली शिक्षक) बदलले. भाड्याने राहणारी घरं जास्त, त्यामुळे दर महिन्याला कुणी नवं यायचं, कुणी निघून जायचं; शिक्षिकेला नावं पाठ होईपर्यंत पाटी कोरी. शाळा घसरली ती यामुळे, घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलांमुळे नाही. (हे आपलेच लोक सगळ्यात जास्त म्हणतात, आणि आपलीच मुलं त्यात मोजली जातात!)

मग नव्या हेडटीचर आल्या. पावसात पिवळं जॅकेट घालून रोज गेटवर उभ्या. हे दिखाऊ वाटेल, पण गेटवर सांगितलेली तक्रार तीन वाजेपर्यंत वर्गशिक्षिकेपर्यंत पोचलेली असायची. खरा बदल वाचनात झाला. सकाळचा पहिला तास सगळ्या शाळेत एकाच पद्धतीने फोनिक्स (अक्षरांचे आवाज ओळखून, जोडून वाचणं), आणि गट वयावर नाही, वाचता काय येतं त्यावर. वरच्या वर्गात नव्याने आलेली मुलंही त्यात. आपण बाराखडीवर वाढलेली माणसं, अक्षर दिसलं की उच्चार ठरलेला. इंग्रजीत ती सोय नाही, म्हणून इथे आवाज सुटे करून शिकवतात. इयर वनच्या शेवटी 40 शब्दांची चाचणी असते, त्यातले निम्मे शब्द निरर्थक, मुद्दाम बनवलेले. पाठांतरावर निभत नाही.

माझा मुलगा पहिले दोन महिने शाळेत एक शब्द बोलला नाही. त्याच्या गळ्यात चित्रांचं कार्ड अडकवलेलं असायचं: पाणी, टॉयलेट, पोट दुखतंय, थंडी वाजतेय. ‘पोट दुखतंय’चा कोपरा सगळ्यात आधी झिजला, कारण गणिताच्या तासाला तो हमखास तिथे बोट ठेवायचा. मी घाबरून घरी इंग्रजी सुरू केलं, तर शिक्षिकाच म्हणाल्या की घरी मराठीच बोला, गोष्टी मराठीतच सांगा, इंग्रजी आम्ही बघतो. ज्या शाळेत अशी शंभर मुलं येऊन गेलीत, तिथेच हे इतक्या सहज सांगतात. अडीच वर्षांच्या आत पुन्हा तपासणी झाली आणि ‘गुड’ मिळालं. शिक्का बदलायच्या वर्षभर आधीच शाळा बदलली होती.

आता शिक्क्यांची पद्धतही बदललीये. सप्टेंबर 2024 पासून एका शब्दाचा एकूण शेरा बंद झाला आणि नोव्हेंबर 2025 पासून रिपोर्ट कार्ड आलं, त्यात प्रत्येक बाबीला वेगळा शेरा. त्यात ‘इन्क्लूजन’चा, म्हणजे सगळ्या मुलांना सामावून घेण्याचा, भाग आधी वाचा. इयर सिक्सच्या, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्षाच्या, निकालाच्या नुसत्या टक्क्यावर जाऊ नका. 2025 मध्ये इंग्लंडभरात वाचन, लेखन, गणित तिन्हींत अपेक्षित पातळी 62 टक्के मुलांनी गाठली, पण थोड्याच वर्षांपूर्वी देशात आलेली मुलंही एखाद्या शाळेच्या आकड्यात असू शकतात.

शाळा बघायला ‘ओपन डे’ला नको, साध्या मंगळवारी वेळ मागा. दोनच प्रश्न विचारा: यंदा किती शिक्षक सोडून गेले, आणि वर्षाच्या मध्येच आलेल्या मुलाचे पहिले दोन आठवडे कसे जातात? दुसऱ्याचं उत्तर ताडकन आलं, तर शाळा घ्या. अडखळले तर मेहुण्यांचं ऐका.

धाकट्याचा हिशोब वेगळा. चार पूर्ण झाले की येणाऱ्या सप्टेंबरात रिसेप्शन, अर्ज 15 जानेवारीपर्यंत, जागा कळतात 16 एप्रिलला. त्याची पाळी याच सप्टेंबरात असेल तर तुमचा अर्ज उशिराचा धरतील. तीन तुकड्यांच्या शाळेत 90 जागा असतात, आणि बहुतेक ठिकाणी भावंड आधीच शाळेत असेल तर प्राधान्य मिळतं. म्हणून आधी मुलीचा प्रवेश उरका. डब्याची काळजी वहिनींना करू देऊ नका; लंडनमध्ये सरकारी प्राथमिक शाळेतल्या सगळ्या मुलांना 2023 पासून जेवण फुकट आहे. शाकाहारी सांगितलं की शाकाहारी मिळतं, फक्त उकडलेल्या गाजराची तयारी ठेवा.

आणि डिसेंबरातल्या लग्नांचं आत्ताच ठरवा. शाळा चालू असताना विनापरवानगी पाच दिवस बुडवले, तर प्रत्येक मुलामागे आई आणि बाबा दोघांनाही 80-80 पौंड दंड होऊ शकतो, 21 दिवसांत भरला नाही तर 160. आम्ही मामेभावाच्या हळदीपायी भरलाय.