दूरचं सुतक

आई किंवा वडील गेल्याचा फोन परदेशात बहुधा अवेळीच वाजतो. पुढचे काही तास तिकिटं शोधण्यात जातात आणि मग तिकडून निरोप येतो, थांबवून ठेवता येणार नाही, तू सावकाश ये. गावच्या भावंडांना पुढचे दहा दिवस हाताला काम असतं. इथे सोमवारी ऑफिस असतं, आणि कोणाला काय सांगायचं तेही कळत नाही.

अशा माणसाचा विचार जुन्या धर्मशास्त्राने केलेला आहे. दहा दिवस उलटून गेल्यावर बातमी कळली, तरी आई-वडिलांचं सुतक मुलाने कळल्या दिवसापासून दहा दिवस धरावं असं वचन आहे. त्यात ‘दूरस्थोऽपि हि पुत्रकः’, म्हणजे ‘मुलगा दूर असला तरी’, असे शब्दच आहेत. आता बातमी मिनिटात पोचते, तेव्हा दिवस मृत्यूच्या दिवसापासूनच मोजा. लग्न झालेल्या मुलीला शास्त्राने तीन दिवस सांगितलेत. तिला दहा पाळावेसे वाटले तर तिला कोणी अडवू नये.

बातमी कळली की डोक्यावरून आंघोळ करा. मग घरात एक जागा ठरवा: फोटो, त्यापुढे ताटलीत मूठभर तांदूळ, त्यावर पणती, वात दक्षिणेकडे. दिवा दहा दिवस अखंड ठेवायची रीत आहे, पण इथली घरं लाकडी, शिवाय धुराचा अलार्म. जागे असाल तेवढा वेळ तेलाचा दिवा लावा, झोपताना आणि घराबाहेर पडताना बॅटरीचा. गोडधोड, देवपूजा, समारंभ बंद. जेवण साधं. अमेरिकेतल्या पुष्कळ कंपन्या शोकरजा तीन-पाच दिवसच देतात. ती सगळी पहिल्या आठवड्यात संपवू नका. एक दिवस दहाव्यासाठी राखून ठेवा.

दहावा सगळ्यात जड जातो. घाटावर सकाळी नऊला पिंड मांडले, तर न्यू जर्सीत उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेअकरा असतात, लंडनमध्ये पहाटेचे साडेचार. हिवाळ्यात दोन्हीकडे तासभर आधी. फोन धरायला विधीत नसलेला एक भाचा-पुतण्या आधीच नेमा. कर्ता भाऊ एका हाताने पिंडाला पाणी घालतोय आणि दुसऱ्या हातात फोन, असं झालं की दोघांचंही लक्ष लागत नाही. तुमच्या बाजूचा आवाज बंद ठेवा.

कावळा लवकर शिवला नाही की घाटावर कुजबुज सुरू होते, ‘धाकट्यात जीव अडकलाय, तो आला नाही ना.’ हे फोनवर ऐकू येतं आणि वर्षानुवर्षं सलत राहतं. बऱ्याचदा कारण साधं असतं. गर्दीच्या घाटावर शेजारी पाच-दहा पिंड मांडलेले असतात, कावळे पोट भरून बसलेले असतात, आणि आपली माणसं पिंडाभोवती कोंडाळं करून उभी असतात. मागे सरका. किती वेळ वाट पाहायची ते गुरुजींशी आधीच ठरवा. त्यानंतर दर्भाचा कावळा करून शिवतात, आणि तो पूर्ण विधी आहे, तडजोड नव्हे. गेलेल्याला शब्द द्यायची वेळ आली तर फोनवरून तुम्हीही द्या, पण पाळता येईल असाच. ‘बहिणीला अंतर देणार नाही’ हे जमतं. ‘कायमचा परत येईन’ हे त्या क्षणी बोलू नका.

पिंड कर्ताच देतो, दोन ठिकाणी द्यायचे नसतात. तिलांजली मात्र घरातल्या प्रत्येकाला देता येते. त्याच वेळी इथे ताम्हण घ्या, तांब्याभर पाणी आणि चमचाभर काळे तीळ. कोरियन-जपानी दुकानातले तीळ बहुधा भाजलेले असतात. पाकीट वाचून कच्चे घ्या. दर्भ नसेल तर दूर्वा चालतात. दक्षिणेकडे तोंड करा, जानवं असेल तर उजव्या खांद्यावर घ्या, आणि गोत्र व नाव उच्चारून अंगठा व तर्जनी यांच्यामधून तीनदा पाणी सोडा. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणतात. ताम्हणातलं पाणी झाडाला घाला. ज्यांच्या घरी दफनाची रीत आहे किंवा पिंड-तर्पण करत नाहीत, त्यांनी आपल्या घरचं तेच करावं. उसनं आणू नये.

तिथी आत्ताच लिहून ठेवा: महिना, पक्ष, तिथी, मृत्यूची वेळ आणि गाव. भारतातली वेळ धरा, तुमच्या घड्याळातली नको. वर्षश्राद्ध इंग्रजी तारखेला येत नाही, आणि बारा महिन्यांनी नेमकं कोणालाच आठवत नाही.

मुलांना ‘आजी वारली’ असं स्पष्ट सांगा. ‘गेली’ म्हटलं की परदेशी वाढलेली मुलं कुठे आणि परत कधी, हे विचारतात, कारण त्यांची आजी एरवीही विमानतळावरूनच ‘जाते’. फोटोला रोज एक फूल वाहायचं काम त्यांना द्या. वाचायचं असेल तर गीतेचा पंधरावा अध्याय घ्या, वीसच श्लोक आहेत. पण पहिल्या दिवशी ‘आत्मा अमर आहे’ ऐकवणाऱ्याला हात जोडून थांबवा. रीतही आधी आंघोळ, दिवा, पाणी सांगते, तत्त्वज्ञान मागाहून.

समाचाराला जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी थोडं. फुलांचा गुच्छ नको, पिठलं-भात न्या, परत न मागण्याच्या डब्यात. निघताना ‘येतो’ म्हणायचं नसतं, नुसतं उठायचं. आणि तेराव्यानंतर, फोन थांबतात तेव्हा, एकदा पुन्हा जा. पहिल्या दिवाळीला त्या घरी फराळ होत नाही. चार चकल्या, चार लाडू तुमच्या घरून गेले पाहिजेत.