गांबा: पाय की कोळंबी?

प्रश्न असा आहे: इटालियनमध्ये ‘गांबा’ म्हणजे पाय, कातालानमध्ये, म्हणजे बार्सिलोनाकडच्या भाषेत, ‘गांबा’ म्हणजे कोळंबी, कोळंबीला पुष्कळ पाय असतात म्हणून हे नाव पडलं का?

नाही. पुष्कळ पायांची ही गोष्ट पुन्हापुन्हा ऐकायला मिळते आणि ती साफ चूक आहे. पायांवरूनच नाव पडलं असतं, तर कातालान लोकांनी आपल्या भाषेतला पाय वापरला असता. तो आहे ‘कामा’. इटालियन ‘गांबा’ आणि कातालान ‘कामा’ ही सख्खी भावंडं. मूळ ग्रीक ‘काम्पे’, म्हणजे वाक, सांधा. उत्तरकालीन लॅटिनमधल्या अश्ववैद्यकात घोड्याच्या पायाच्या सांध्याला हा शब्द लावत, तिथून तो माणसाच्या तंगडीला चिकटला. बुद्धिबळातला ‘गॅम्बिट’ही याच घरचा: इटालियन ‘गांबेत्तो’, पायात पाय घालून पाडणं.

कोळंबीचं कूळ वेगळं. ग्रीक ‘काम्मारोस’, लॅटिन ‘काम्मारुस’ किंवा ‘गाम्मारुस’, पुढे ‘गांबारुस’. त्यातून इटालियन ‘गांबेरो’ आणि कातालान ‘गांबा’ आले. स्पॅनिशने तो कातालानकडून उचलला.

आता खरी गंमत: मूळ शब्दात नसलेला ‘ब’ आला कुठून? काही कोशकार म्हणतात, ‘पाय’वाल्या गांबाच्या प्रभावाने. मला हे अजिबात पटत नाही. ‘म’ उच्चारून लगेच ‘र’कडे जाताना, नाकातली हवा ओठ उघडण्याआधी बंद झाली की ‘ब’ आपोआप फुटतो. लॅटिन ‘कामेरा’चं फ्रेंचमध्ये ‘शांब्र’ झालं ते असंच. आपल्याकडे आम्रचा आंबा आणि ताम्रचं तांबं झालं, तेव्हा कुठला पाय आडवा आला होता? यावर आक्षेप असा, की ‘गांबेरो’त ब आणि र यांच्यामध्ये स्वर आहे. मग फारसी ‘कमर’ची मराठीत ‘कंबर’ झाली, तिथेही स्वर आहेच की! ‘कंबरेत’ म्हणताना तो जवळजवळ गळतो, म आणि र भिडतात, ब येतो, आणि मग सगळ्या रूपांत ठाण मांडतो. आघात नसलेल्या स्वराचं लॅटिनमध्येही हेच झालं असावं, असं माझं ठाम मत आहे.

पोर्तुगीज ‘कामारांव’ बघा. तिथे म आणि र यांच्यातला स्वर पक्का टिकला, आणि ब नाही! गोव्यातल्या कोळंबीच्या रिसॉइसच्या, म्हणजे करंजीसारख्या तळलेल्या खाऊच्या, पोर्तुगीज नावात हाच शब्द आहे. पंधराव्या शतकात पोर्तुगीजांना आफ्रिकेत वूरी नदीच्या मुखाशी कोळंबीसारखे जीव अमाप दिसले, म्हणून त्यांनी तिला ‘रिओ दुश कामारोंइश’ म्हटलं. त्यातूनच कॅमेरून देशाचं नाव आलं.

आणि मेन्यूवर ‘गांबास प्रॉन्स’ लिहू नका, ती ‘कोळंब्या कोळंबी’ होते. बार्सिलोनात मागवताना कातालान अनेकवचन ‘गांबेस’, इटलीत ‘गांबेरी’. इटलीत ‘गांबे’ मागितलेत तर तंगड्या मागितल्यासारखं होईल.